सहा मुलांमागे एक बाई

पालघर जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात एक वाक्य रंगवलेले आहे : बालकाच्या मेंदूचा ८५ टक्के विकास वयाच्या सहा वर्षांपर्यंत होतो. पावसाने खालच्या ओळींचे पापुद्रे निघाले आहेत, हे वाक्य मात्र शाबूत आहे. नातवाला न्यायला आलेल्या एका आजींनी मला ते वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. त्या थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मग याच्या मोठ्या भावाचं काय? तो नवाचा झाला. त्या टायमाला आमच्या पाड्यावर अंगणवाडी नव्हती.”

मी दिलेले उत्तर तोकडे होते. मुलाचे शिकणे सहाव्या वर्षी थांबत नाही, असे काहीतरी मी बोलले. पण भिंतीवर सरकारी रंगात लिहिलेला आकडा आणि बाहेरून आलेल्या बाईचे तोंडी बोलणे, यांत कोणाचे पारडे जड ठरणार हे उघड होते. माझ्यापुरती या पुस्तकाची सुरुवात त्या भिंतीपाशी झाली.

तो आकडा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. त्याच्या मागे मेंदूच्या वाढीचे अभ्यास आहेत आणि त्या अभ्यासांनी मोजलेली गोष्ट मुख्यतः मेंदूचे आकारमान ही आहे. सहाव्या वर्षापर्यंत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नऊ दशांश आकाराचा होतो, हे खरे. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणून घर नांदते होत नाही. पेशींमधल्या जोडण्या पक्क्या होणे, नको असलेल्या गळून जाणे, स्वतःला आवरण्याचे आणि पुढचे बघून ठरवण्याचे काम करणारा कपाळामागचा भाग पिकणे, हे सगळे विशीच्याही पुढेपर्यंत चालू असते. प्रयोगशाळेतून अहवालात, अहवालातून धोरणात, धोरणातून परिपत्रकात आणि परिपत्रकातून पेंटरच्या हातात जाताना दर मुक्कामाला ते वाक्य थोडे आखूड झाले आणि शेवटी भिंतीवर मावले. त्या आजींच्या मोठ्या नातवाला त्यात जागा उरली नाही.

बालशिक्षणावरचे संशोधन आपल्याकडे पोहोचतच नाही, ही तक्रार मी वीस-बावीस वर्षे सेविकांच्या प्रशिक्षणात ऐकत आले, स्वतःही करत आले. आता ती मला पटत नाही. संशोधन पोहोचते. आकडा पोहोचतो, घोषवाक्य पोहोचते, तक्ता पोहोचतो, ॲप पोहोचते. मागे राहतो तो त्या आकड्याचा संसार : मुले किती होती, बाया किती होत्या, त्यांच्या हाताशी वेळ किती होता, महिन्याच्या शेवटी त्यांना काय मिळत होते. हे पुस्तक त्या मागे राहिलेल्या सामानाबद्दल आहे.

सर्वांत जास्त फिरलेल्या आकड्यापासून सुरुवात करू. लहान मुलांच्या शिक्षणावर एक रुपया घातला तर सात रुपये परत येतात, हे वाक्य मी मंत्र्यांच्या भाषणात ऐकले आहे, देणगीदारांच्या माहितीपत्रकात वाचले आहे आणि कबूल करते, की तालुक्याच्या सभांमध्ये स्वतःही म्हटले आहे. ते मुळात रुपयाचे नाही, डॉलरचे. अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाचे गाव आहे. तिथल्या पेरी शाळेत १९६२ ते १९६७ या काळात डेव्हिड वायकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची १२३ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ मुलांना मिळाली नाही. बस्स, एवढीच मुले. जगातल्या कितीतरी सरकारांच्या अंदाजपत्रकांनी ज्याचा दाखला घेतला, तो अभ्यास आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावच्या दोन-तीन अंगणवाड्यांत मावेल एवढ्या मुलांचा होता.

त्या बालवाडीत काय चाले, हे सावकाश वाचण्यासारखे आहे. रोज सकाळी अडीच तास वर्ग. आज काय करायचे ते मुलाने आधी ठरवायचे, मग करायचे आणि नंतर सगळ्यांना सांगायचे. बाईंनी शिकवण्यापेक्षा विचारायचे जास्त. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका. या शिक्षिका शिकलेल्या, शाळेत शिकवण्याची रीतसर पात्रता असलेल्या, आणि त्यांना सरकारी शाळेतल्या शिक्षिकांच्या तोडीचा पगार. दुपारी त्याच शिक्षिका मुलांच्या घरी जात. प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा, दीड तास. आईशी बोलणे, मुलाबरोबर आईसमोर खेळणे. बहुतेक मुलांना हे दोन वर्षे मिळाले.

पहिल्या वर्षाअखेर मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली, तर गुण चांगलेच वाढलेले. मुले शाळेत गेली आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत ही आघाडी जवळजवळ विरून गेली. संशोधकांनी तिथे वह्या मिटल्या असत्या तर पेरी शाळेचे नाव आज कोणी घेतले नसते. त्याच दशकात, १९६५ मध्ये, अमेरिकेने ‘हेड स्टार्ट’ ही गरीब मुलांसाठीची मोठी योजना सुरू केली होती. १९६९ मध्ये वेस्टिंगहाऊसचा अहवाल आला, त्याने सांगितले की योजनेतल्या मुलांचा फायदा पहिली-दुसरीपर्यंत टिकत नाही, आणि योजनेवर टीकेची झोड उठली. पेरीच्या मंडळींनी मात्र आपल्या मुलांची पाठ सोडली नाही. पंधराव्या वर्षी भेटले, एकोणिसाव्या वर्षी भेटले, सत्ताविसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी भेटले. चाळिशीत दिसले ते असे : बालवाडीत गेलेल्यांपैकी ७७ टक्क्यांचे बारावीपर्यंतचे शिक्षण पूर्ण झाले होते, न गेलेल्यांत ६० टक्क्यांचे. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण न गेलेल्यांत ५५ टक्के, गेलेल्यांत ३६ टक्के. बुद्ध्यंक विरला, पण दुसरे काहीतरी टिकले. हाती घेतलेले काम पुरे करणे, रागाच्या भरात हात न उचलणे, उद्याचा विचार करणे. त्याला शास्त्रात लांबलचक नाव आहे. आपल्या आज्या त्याला वळण म्हणत.

अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले जेम्स हेकमन पुढे या आकडेवारीत शिरले आणि त्यांनी या गुंतवणुकीचा परतावा दर वर्षी ७ ते १० टक्के असल्याचे मांडले. बालशिक्षण हा दयेचा विषय न राहता हिशेबाचा विषय झाला तो इथे. त्याचा फायदा झाला, हे मान्य केलेच पाहिजे. अर्थखात्याच्या दारात जे काम ‘बिचारी लहान मुले’ म्हणून होत नव्हते, ते ‘७ ते १० टक्के’ म्हटल्यावर होऊ लागले.

आता दुसरे दृश्य. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात मी हा सगळा प्रयोग चाळीस सेविकांना सांगितला. फळ्यावर तक्ता काढला. सांगताना मला स्वतःलाच भरून येत होते. तिसऱ्या रांगेतल्या एक ताई वहीत उतरवून घेत होत्या. मध्येच थांबून त्यांनी हात वर केला. “मॅडम, सहा मुलांमागे एक बाई म्हणालात ना?” मी हो म्हटले. “माझ्याकडे पटावर बत्तीस आहेत. मदतनीस ताई दोन महिने आजारी आहेत. खिचडी मीच टाकते. मग माझ्याकडचा परतावा किती निघेल?”

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवे होते. मी त्या दिवशी खोटे बोलले नाही, पण खरेही बोलले नाही. ‘आपण आहे त्यात प्रयत्न करायचा’ असे म्हणून पुढच्या मुद्द्याकडे वळले. माझ्या कामातल्या ज्या क्षणांची मला आजही टोचणी आहे, त्यांतला हा एक.

त्या ताईंचा दिवस मी नंतर त्यांच्याबरोबर घालवला. साडेनऊला कुलूप उघडले. मुले गोळा करायला त्या स्वतः वस्तीत एक फेरी मारून आल्या. प्रार्थना, हात धुणे, दोन बडबडगीते. मग चुलीवर पातेले. पातेले शिजेपर्यंत मुलांना चिंचोके वाटले, मोठे-छोटे वेगळे करायला सांगितले. एवढ्यात एक गरोदर बाई आली, तिची नोंद. एका बाळाचे वजन. घरपोच आहाराच्या पाकिटांचा हिशेब. पोषण ट्रॅकर या ॲपवर हजेरी भरायची तर नेट नाही, म्हणून फोन हातात उंच धरून अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहणे. चिंचोक्यांकडे परत येईपर्यंत निम्मे चिंचोके मुलांच्या खिशात गेले होते आणि एक मुलगी तेवढ्यात तीन ढीग करून बसली होती : मोठे, छोटे आणि फुटके. फुटक्यांचा ढीग तिला कोणी सांगितला नव्हता. सेविकाताईंनी तो पाहिला, तिच्याशेजारी बसल्या, “हे वेगळे का गं ठेवलेस?” असे विचारले, आणि मुलगी तोंड उघडणार तोच फोन वाजला. पर्यवेक्षिकेला फोटो हवा होता.

त्या दिवसाचा हिशेब मांडला तर शिकवण्याचा म्हणावा असा वेळ तासभरही भरला नाही. आणि याच बाईच्या पैशाला सरकारी भाषेत मानधन म्हणतात. पगार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या दाहोदच्या प्रकरणात सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला, तोवर एवढ्या साध्या गोष्टीसाठीही या बायकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत होत्या.

त्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर देणारे संशोधन आपल्याच देशात झाले आहे, आणि ते या पुस्तकात मी मुद्दाम पुढे घेतले आहे. तमिळनाडूत २०१६ ते २०१८ या काळात कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गानिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. निम्म्या अंगणवाड्यांना एक जादा कार्यकर्ती दिली. अर्ध्या वेळाची, काम एकच : मुलांना शिकवणे. बाकी काहीही बदलले नाही. इमारत तीच, खेळणी तीच, आहार तोच. दीड वर्षाने पाहिले तर बालशिक्षणाचा वेळ दुपटीने वाढला होता, गणित आणि भाषा या दोन्हींत मुले स्पष्टपणे पुढे होती. एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होते. पण आधीच्या सेविकेला आरोग्य आणि आहाराच्या कामाला मोकळा वेळ मिळाला, आणि त्या केंद्रांत खुरटलेल्या व तीव्र कुपोषित मुलांचे प्रमाणही कमी झाले. एका जादा बाईच्या अर्ध्या दिवसाने मुलांची उंची वाढली. हा निष्कर्ष अजून कुठल्या भिंतीवर रंगवलेला मी पाहिला नाही.

मागे राहिलेल्या सामानाची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगते, कारण ती घराघरांत शिरली आहेत. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकवले, तर कागदाच्या घड्यांसारख्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांचे गुण दहा-पंधरा मिनिटांपुरते वाढले. यात बाळ एकही नव्हते. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलरची मागणी केली. आजही आपल्या शहरांत ‘बुद्धी वाढवणारे संगीत’ गरोदर बायकांना विकले जाते. दुसरे उदाहरण तीन कोटी शब्दांचे. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९९५ मध्ये ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून सांगितले की गरीब घरातले मूल चार वर्षांचे होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. नंतर इतर संशोधकांनी मुलाच्या आसपास चाललेले सगळ्यांचे बोलणे मोजले, तेव्हा ही दरी तशी दिसली नाही. मला यात आपली घरे दिसतात. वारली पाड्यावरचे मूल दिवसभर आजी, आत्या, चुलत बहीण, शेजारची पोरे यांच्या बोलण्यात बुडालेले असते. आईने थेट मुलाला उद्देशून उच्चारलेले शब्द एवढेच मोजायचे ठरवले, तर ते घर मुके ठरेल. मोजणाऱ्याने काय मोजायचे ठरवले, यावर गरिबाची अब्रू ठरते. म्हणून मला या गोष्टी क्षुल्लक वाटत नाहीत.

आणि एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पुस्तक वकिली करणारे ठरेल. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सरकारी बालवाड्यांमध्ये जागा कमी आणि अर्ज जास्त होते, म्हणून सोडतीने प्रवेश दिले गेले. डेल फॅरन आणि मार्क लिप्सी यांनी अशा सुमारे ३,००० मुलांचा पाठपुरावा केला. २०२२ मध्ये आलेला निष्कर्ष असा की सहावीत पोहोचल्यावर बालवाडीत गेलेली मुले न गेलेल्यांपेक्षा राज्याच्या परीक्षांत मागे होती आणि त्यांच्याबद्दल शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. फॅरनबाईंनी आयुष्य बालशिक्षणात घालवले होते, तरी त्यांनी तो निष्कर्ष लपवला नाही. त्या वर्गांत मुले बराच वेळ रांगेत उभी राहत, गप्प बसून ऐकत, अक्षरे घोटत. बालवाडी या नावाखाली काय चालते यावर सगळे अवलंबून आहे. नावावर काही नाही.

हे वाचताना मला आपल्या तालुक्यांतल्या केजी आठवतात. पत्र्याच्या खोलीत साठ मुले, पाठीवर दप्तर, साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल, घरी गृहपाठ. पालक फी भरतात ती पोटाला चिमटा काढून. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. अंगणवाडीत खिचडी मिळते आणि केजीत शिक्षण मिळते, अशी त्यांची समजूत आपणच होऊ दिली. आसाम, राजस्थान आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या सुमारे १४,००० ग्रामीण मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत जो मोठा अभ्यास २०११ पासून झाला, त्याने दाखवले की दोन्हीकडे मुलांच्या वयाला साजेसे काम फारसे होत नाही. जिथे खेळातून, हाताळण्यातून शिकवले जात होते तिथे मुले शाळेसाठी अधिक तयार झालेली आढळली, पण अशी केंद्रे थोडी होती. या अभ्यासाबद्दलचे प्रकरण पालकांनी पहिले वाचावे, अशी माझी विनंती आहे.

आता कोसबाड. इथे मी जरा थांबणार आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. पदवीधर, राजकोटला मुलींच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या. १९२३ मध्ये ती जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील; माँटेसोरींची पुस्तके वाचून त्यांनी १९२० मध्ये ते बालमंदिर सुरू केले होते. म्हणजे इटलीतल्या एका डॉक्टरीणबाईंचे संशोधन पुस्तकाच्या वाटेने सौराष्ट्रात आले आणि एका वकिलाच्या आणि एका प्राचार्येच्या हातात पडले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे शिक्षणपत्रिका निघाली, अध्यापिका तयार झाल्या, शहरांत बालमंदिरे उघडली.

ताराबाईंना मात्र शहर पुरेसे वाटेना. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य वाट्याला आलेल्या, रात्रशाळेत शिकलेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिल्या. बोर्डी आणि कोसबाड मिळून सत्तेचाळीस वर्षे. पेरीच्या मुलांच्या चाळिशीपर्यंतच्या पाठपुराव्याहून ही सलग वर्षे जास्त आहेत, पण कोणी याला दीर्घकालीन अभ्यास म्हटले नाही.

तो अभ्यास होता, असे माझे ठाम मत आहे. कारण त्याची रीत अभ्यासाची होती. बालवाडी उघडली, मुले आली नाहीत. का आली नाहीत, हे बघायला बाया पाड्यावर गेल्या. दिसले असे की मुलांना अंघोळ नाही, आई पहाटे मजुरीला गेलेली, धाकट्याला सांभाळायला थोरली घरी, आणि जरा मोठा मुलगा गुरांमागे. मग मुलांना बोलावण्याऐवजी बालवाडीच पाड्यावर न्यायची ठरली. झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात. तिथेच मुलांना अंघोळ घालायची, नखे काढायची, गाणे म्हणायचे. हीच अंगण बालवाडी. गुरांमागच्या मुलांसाठी कुरणशाळा : गुरे चरतात तिथे मास्तर जाणार. थोरली धाकट्याला सोडत नाही म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तिचे नाव विकासवाडी. माँटेसोरींची घोटीव लाकडी साधने महाग, म्हणून शिंपले, बिया, पाने, गोटे, बांबूचे तुकडे. प्रत्येक बदल एका निरीक्षणातून आला आणि तो चालला नाही तर पुन्हा बदलला. प्रयोग याला म्हणायचे नाही तर कशाला?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आसामात, बिहारात, केरळात जे नाव बायकांच्या तोंडी आहे, ते आधी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर रुजले होते. मराठी मुलखातल्या कुठल्या विद्यापीठीय प्रबंधाचा एवढा प्रसार झाल्याचे मला माहीत नाही. पण इथेही वाटेत काही गळालेच. अंगण गेले, खोली आली. जाऊन शोधणे गेले, पट आला. सेविकेने स्वतः पाहून रीत बदलायची, ही त्या कामाची नाडी होती. तीच आज सगळ्यांत क्षीण आहे. सेविका माहिती वर पाठवते. तिने काय पाहिले, हे तिला कोणी विचारत नाही.

या पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रम म्हणूनच नेहमीचा नाही. परदेशी अभ्यास आधी, देशी अभ्यास मागून आणि शेवटी ‘क्षेत्रातले अनुभव’ अशी उतरंड मी ठेवलेली नाही. जमैकाचा अभ्यास कोसबाडला लागून आहे, कारण ते एकमेकांशेजारी शोभतात. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुरटलेल्या १२९ बाळांपैकी काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर आरोग्यसेविका पाठवल्या. त्यांच्या झोळीत टाकाऊ वस्तूंची खेळणी. काम आईला बाळाशी खेळायला, बोलायला सोबत करण्याचे. दोन वर्षे. वीस वर्षांनी ती बाळे कमावती झाली तेव्हा त्यांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. पुढे त्याच रीतीचे काम ओडिशात कटकच्या वस्त्यांतही झाले. प्लास्टिकच्या बाटलीत खडे भरून केलेला खुळखुळा किंग्स्टनमध्ये वाजला आणि कटकमध्येही. कोसबाडला तो कधीचाच वाजत होता.

भाषेबद्दल दोन शब्द. हे संशोधन इंग्रजीत होते आणि मराठीत येते ते प्रशिक्षण-पुस्तिकांच्या मराठीत. बोधात्मक विकास, सूक्ष्म स्नायू कौशल्य, प्रारंभिक उद्दीपन. सेविका हे शब्द पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि केंद्रात गेल्यावर त्यांचे काय करायचे ते त्यांना कळत नाही. एका ताईंनी मला विचारले होते, सूक्ष्म स्नायू कुठे असतात. मी म्हटले, तुम्ही मुलांना मणी ओवायला देता ना, भुईमुगाच्या शेंगा सोलायला देता ना, तेच. त्या म्हणाल्या, मग तसं लिहा ना. या पुस्तकात तसे लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. जिथे शास्त्राचा शब्द टाळता आला नाही तिथे आधी शेंगा आणि मणी आले आहेत, शब्द मागाहून.

राहता राहिले शेवटचे प्रकरण. ते मी लिहिलेले नाही. ज्या ताईंनी सहा मुलांमागे एक बाई का, असे विचारले होते, त्यांच्याकडे सरकारी रजिस्टरांखेरीज दोनशे पानी एक वही होती. पहिल्या पानावर किराण्याचा हिशेब, त्यानंतर मुलांविषयीच्या नोंदी. कोण काय म्हणाले, कोण कशाला रडले, कोणाला काय जमले. ॲपमध्ये यासाठी रकाना नाही, म्हणून या वहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या परवानगीने, मुलांची नावे काढून, त्यांतली काही पाने शेवटी जशीच्या तशी छापली आहेत. शुद्धलेखन सुधारलेले नाही.

त्यांतल्या एका नोंदीत साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे. तीन आठवडे तो दारातच उभा राहतो. चटईवर बसत नाही, खाऊ घेत नाही. त्याची आठ वर्षांची बहीण त्याला सोडायला येते आणि ती शाळेला गेली की तो रडतो. नोंदीच्या खाली ताईंनी स्वतःलाच प्रश्न लिहिला आहे : बहिणीला पण बसू द्यावे का, तिची शाळा बुडते. पुढच्या पानावर शाळेच्या गुरुजींशी झालेले बोलणे आहे. बहिणीने सकाळची पंधरा मिनिटे इथे बसायचे, मग शाळेत जायचे. गुरुजी उशिराचे रागावणार नाहीत. त्यानंतर सहा दिवस फक्त तारखा आणि ‘बसला’ किंवा ‘बसला नाही’. सातव्या दिवशी लिहिले आहे : बहीण उठून गेली तरी बसला. चिंचोके मोजत होता. पाच नंतर सात म्हणतो. उद्या बघू.